‘गोल्ड’ आहे, पण नाश्ता नाही

आमचे भाऊजी औषधांच्या कंपनीत आहेत. वर्षातल्या बऱ्याच रात्री हॉटेलात काढतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या मोबाइलमधल्या हॉटेल-साखळीच्या ॲपवर ‘गोल्ड’ अशी पाटी झळकली आणि पुढच्याच महिन्यात ते ताईला घेऊन मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात मुक्कामाला गेले. सकाळी भरपेट नाश्ता केला. निघताना बिलात दोन नाश्त्यांचे पैसे लावलेले पाहिले आणि काउंटरवर आवाज चढवला. “अहो, मी गोल्ड मेंबर आहे!” पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “हो सर, पण गोल्डमध्ये ब्रेकफास्ट नसतो.” ताई तेवढ्यात लिफ्टजवळची कुंडी निरखत उभी राहिली होती.

मुलगी खरं बोलत होती, आणि भाऊजीही खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या एका साखळीच्या गोल्डला नाश्ता मिळतो, हे त्यांनी ऑफिसातल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. हिल्टनच्या गोल्डला अमेरिकेबाहेर तो मिळतो. मॅरियट बॉनवॉयच्या गोल्डला मिळत नाही. हयातमध्ये ग्लोबलिस्ट ही पायरी गाठावी लागते, म्हणजे वर्षाला ६० रात्री. रंग एकच, पण प्रत्येक दुकानात सोन्याचा भाव वेगळा.

हॉटेलांच्या या मेंबरशिप योजनांबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी उगवतात. आपल्याला वाटतं, पाटी ज्याची, हॉटेल त्याचं. तसं फार थोड्या ठिकाणी असतं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू मॅरियट घ्या. पाटी मॅरियटची, पण मालकी पंचशील समूहाच्या व्हेंटिव्ह हॉस्पिटॅलिटीची, जी डिसेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. मुंबईत सहारच्या जेडब्ल्यू मॅरियटची मालकी रहेजांच्या शॅले हॉटेल्सकडे आहे. पॉइंट साखळीचे, भिंती दुसऱ्याच्या, आणि काउंटरवरचा माणूस या दोघांच्या मधोमध. तुम्ही पॉइंटवर ‘फुकट’ राहता तेव्हा साखळी त्या रात्रीचे पैसे हॉटेलला देते. हॉटेलात बऱ्याच खोल्या रिकाम्या असतील तर थोडे, हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर बरेच जास्त. उलट तुम्ही पैसे भरून राहिलात तर तुमच्या बिलातला काही हिस्सा हॉटेल योजनेला देतं. फुकट असं यात काहीच नाही, फक्त हिशेब आपल्यासमोर होत नाही.

पुढचं सगळं मॅरियट बॉनवॉयच्या उदाहरणाने सांगतो, कारण मुंबई-पुण्यात ही योजना बरीच ओळखीची आहे. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड ही कंपनी घेतली, दोन्हींच्या योजना एकत्र केल्या आणि २०१९ मध्ये त्यांना बॉनवॉय हे नाव दिलं. वर्षात १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ झाल्या की गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. खरी पायरी पन्नासाव्या रात्रीला आहे. त्याखाली मिळतं ते बहुतेक पॉइंटांच्या रूपातलं. ताटात आणि खोलीत फरक पडतो तो प्लॅटिनमपासून.

आणि तिथेही ब्रँड पाहावा लागतो. प्लॅटिनम मेंबर सेनापती बापट रस्त्यावर उतरला तर त्याला आणि सोबतच्या एका माणसाला लाउंज आणि नाश्ता मिळतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी येरवड्याला, गोल्फ कोर्सजवळच्या रिट्झ-कार्लटनमध्ये गेला तर नाही. हॉटेल त्याच मालकाचं, खातं तेच, पॉइंटही तेच. पण रिट्झ-कार्लटन हा ब्रँड नाश्त्याच्या आणि लाउंजच्या सवलतीत बसतच नाही. म्हणजे जितकं महाग तितका मान जास्त, हा आपला सरळ हिशेब इथे उलटा पडतो. आणखी काही ब्रँडमध्ये नाश्ता आणि हजार पॉइंट यांतलं एक निवडायला सांगतात. चेक-इनच्या घाईत माणूस “पॉइंट द्या” म्हणून मोकळा होतो आणि सकाळी डोशासाठी रांगेत उभा राहतो.

‘सोबतचा एक माणूस’ म्हणजे एकच. आजी, दोन मुलं आणि मामेभाऊ त्यात येत नाहीत. मुलांचं काय करायचं हे प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं, तेव्हा आधी विचारलेलं बरं. लाउंजमधल्या संध्याकाळच्या कबाबांचे डबे भरणारी मंडळीही मी पाहिली आहेत. त्याविषयी कुठल्या योजनेत नियम आहे का, ते ठाऊक नाही. वेटरच्या चेहऱ्यावर मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं.

सगळ्यात मोठी निराशा खोलीच्या बाबतीत होते. “मेंबर आहे म्हणजे वरची खोली देणारच,” असं पुष्कळांना वाटतं. काहीजण तर थेट स्वीट मागतात. (हा शब्द आपल्याकडे मिठाईसारखाच उच्चारला जातो, त्यामुळे अपेक्षाही गोड होऊन बसतात.) नियमात एक छोटा शब्द आहे: उपलब्धतेनुसार. गोल्डला जरा बरी खोली, उदाहरणार्थ वरचा मजला किंवा चांगला देखावा, प्लॅटिनमला शिल्लक असलेल्यांतली चांगली, त्यात काही स्वीटही, पण दोन्ही ठिकाणी ‘असेल तर’. संध्याकाळपर्यंत ती स्वीट पैशाने विकली जाण्याची आशा हॉटेलला असते आणि ती आशा बेकायदा नाही.

यात वाराला फार महत्त्व आहे. सहार, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल इथली हॉटेलं कंपन्यांच्या माणसांवर चालतात. सोमवार ते गुरुवार ती भरलेली असतात, आणि तेव्हा तिथे भरपूर रात्री जमा केलेले मेंबरही बरेच असतात. एका वरच्या खोलीवर टायटेनियमच्या दहा जणांचा डोळा असेल तर गोल्डवाल्याने आरशात स्वतःचं कार्ड बघावं. रविवारी रात्री तेच हॉटेल मोकळं असतं. गोव्यात नेमकं उलटं: शनिवारी पाय ठेवायला जागा नाही, मंगळवारी समुद्रासकट सगळं तुमचंच. मी स्वतः रविवारी संध्याकाळी उशिरा पोचतो आणि चेक-इन करताना एकदाच विचारतो, “आज वरची एखादी खोली रिकामी आहे का?” हो म्हणाले तर आनंद. नाही म्हणाले तर किल्ली घेतो. काउंटरवरच्या मुलांना ओरडून खोली मिळवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, प्रयत्न करणारे मात्र रोज दिसतात.

चार वाजेपर्यंतच्या चेक-आउटचंही थोडंफार असंच आहे. प्लॅटिनमला शहरातल्या बहुतेक हॉटेलांत दुपारी चारपर्यंत खोली ठेवायचा हक्क आहे. रिसॉर्टमध्ये आणि मोठ्या परिषदांसाठी बांधलेल्या हॉटेलांत तो हक्क नाही, सोय आहे. गोल्डला दोन वाजेपर्यंत, तेही जमलं तर.

आता बुकिंग. “साइटवर चारशे रुपये स्वस्त मिळाली, तिथूनच घेतली. माझा मेंबर नंबर हॉटेलला सांगितला की झालं.” होत नाही. प्रवासाच्या इतर संकेतस्थळांवरून घेतलेल्या खोलीवर साधारणपणे पॉइंट मिळत नाहीत, त्या रात्री वर्षाच्या मोजणीत धरल्या जात नाहीत, आणि नाश्ता-लाउंजसारख्या सवलतींवरही हक्क सांगता येत नाही. एखाद्या मॅनेजरने दिल्या तर तो त्याचा चांगुलपणा. चारशे रुपये वाचवून दोन माणसांचा नाश्ता गमावायचा की नाही, हे गणित पाटीपेन्सिलीने करण्यासारखं आहे. शिवाय साखळीच्या स्वतःच्या ॲपवर मेंबरांसाठी वेगळा दर असतो आणि तो बऱ्याचदा साइटच्या दराच्या आसपासच निघतो. दोन्ही पाहून मग ठरवावं.

पॉइंटांचा हिशेबही लोक हवेत करतात. समजा खोली १५,००० रुपयांची. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १७,७०० रुपयांचं. पॉइंट मात्र १५,००० वरच. कराच्या रकमेवर मिळत नाहीत. बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला १० पॉइंट. डॉलर ९० रुपये धरला तर सुमारे १,६६७ पॉइंट होतात, गोल्डच्या २५ टक्के बोनसासह दोन हजारांच्या थोडे वर. पुढे कधी तुम्हाला २०,००० पॉइंटची रात्र हवी असेल तर साध्या मेंबरला अशा बारा रात्री पैसे देऊन काढाव्या लागतील. आणि ‘२०,०००’ हा आकडाही स्थिर नाही. २०२२ पासून मॅरियटने हॉटेलांचे ठरावीक पॉइंट-दर सोडून दिले आहेत. खोलीचा भाव जसा बदलतो तसे पॉइंटही बदलतात. नवीन वर्षाच्या गर्दीत त्याच खोलीला भलतेच पॉइंट मागतील. ताजच्या हॉटेलांत मिळणारं टाटा न्यूचं नाणं एका रुपयाचं, इथल्या पॉइंटला मात्र असा बांधलेला भाव नाही.

म्हणून पॉइंट साठवत बसण्यात मला फारसं शहाणपण दिसत नाही. २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर ते संपतात, आणि नियमांप्रमाणे ते तुमची मालमत्ताही नाहीत. बँकेतल्या ठेवीसारखं त्यांच्याकडे बघणं ही आपली सवय, त्यांचा स्वभाव नव्हे. एक चांगली गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते: पॉइंटवर काढलेल्या रात्रीही गोल्ड-प्लॅटिनमच्या मोजणीत धरल्या जातात. आणि पाच सलग रात्री पॉइंटवर घेतल्या तर त्यातल्या एका रात्रीचे पॉइंट लागत नाहीत.

फोनवरचा गोंधळ निराळाच. “सर, तुमची क्लब मॅरियट मेंबरशिपसाठी निवड झाली आहे,” असा फोन येतो आणि लोक पैसे भरून बॉनवॉयचे मेंबर झालो असं समजतात. या दोन वेगळ्या गोष्टी. बॉनवॉय फुकट आहे. ॲपवर दोन मिनिटांत खातं उघडतं. क्लब मॅरियट ही वर्षाची फी घेणारी योजना, मुख्यतः हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमधल्या सवलतींसाठी. ताजची एपिक्युअर त्याच जातीची. अशी योजना घेण्यात काही चूक नाही, महिन्यातून दोनदा कुटुंबासह तिथे जेवत असाल तर फायदाच होईल. पण तिच्यामुळे खात्यात एकही रात्र जमा होत नाही. रात्री हव्या असतील तर बॉनवॉयचं एचडीएफसी बँकेचं क्रेडिट कार्ड, जे २०२३ मध्ये आलं, ते दरवर्षी १० रात्री देतं. म्हणजे हॉटेलात एक रात्रही न राहता सिल्व्हर. ते कार्ड दाखवून वरची खोली मागू नये, एवढंच.

लग्नात तर सगळाच गोतावळा चुकतो. हॉटेलात कार्य, चाळीस खोल्या, बिल वधूपित्याच्या नावावर, आणि प्रत्येक पाहुणा काउंटरवर आपापला मेंबर नंबर देतोय. एकत्र दराने घेतलेल्या आणि एकाच बिलावर गेलेल्या खोल्यांचे पॉइंट पाहुण्यांना मिळत नाहीत. कार्यक्रमासाठी वेगळे पॉइंट असतात, ते आयोजकाच्या खात्यात जातात, तेही करार करतानाच नंबर लिहून दिला तर. घरगुती प्रवासाला तुम्ही तीन खोल्या स्वतः पैसे भरून घेतल्या आणि एकीत स्वतः राहिलात तर तिन्हींचे पॉइंट तुम्हाला, पण रात्र मात्र एकच मोजली जाते. काका-काकूंच्या खोलीची रात्र कुणाच्याच खात्यात जात नाही.

पॉइंटवर रात्र घेतली तरी काउंटरवर क्रेडिट कार्ड मागतात, याने पुष्कळ लोक दुखावतात. तो अपमान नाही. मिनीबार, कपडे धुणं, जेवण यांच्यासाठी काही रक्कम अडवून ठेवतात आणि जाताना सोडतात. डेबिट कार्ड दिलंत तर ती परत यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून क्रेडिट कार्डच द्यावं.

आणि एक अगदी आपल्याकडचा घोटाळा: नाव. खातं उघडताना कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी मधलं वडिलांचं नाव टाकतं, लग्नानंतर बायकांची नावं बदलतात, आणि ऑफिसातलं बुकिंग करणारा आधार कार्डावरचं तिसरंच रूप लिहितो. मग एकाच माणसाची दोन-तीन खाती होतात आणि रात्री त्यांत विखुरतात. ग्राहकसेवेला फोन करून ती एकत्र करून घेता येतात. भाऊजींची अशी दोन खाती निघाली. जोडल्यावर रात्री सदतीस झाल्या. पन्नासला तेरा कमी. ताई म्हणाली, “तेरा नाश्ते मी घरीच करून घालते.”