मुलाखत देणाऱ्याचा विमा कोण काढतो?

परदेशी क्षेत्रकार्याला निघालेल्या विद्यार्थ्याची विद्यापीठं बरीच काळजी घेतात. लसी, विमा, व्हिसा, वकिलातीचा फोन नंबर, संध्याकाळी खुशालीचा निरोप. हे सगळं हवंच. पण अभ्यासाचा विषय मानवी हक्कांचा असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. विद्यार्थ्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. त्याच्यापाशी मन मोकळं केलेला माणूस मात्र त्याच गल्लीत, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहणार असतो.

‘बॉस्टन टेप्स’चं प्रकरण यासाठी प्रत्येक वर्गात शिकवावं. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात २००१पासून उत्तर आयर्लंडच्या सशस्त्र गटांतल्या माजी सदस्यांच्या, रिपब्लिकन (संयुक्त आयर्लंडवादी) आणि लॉयलिस्ट (ब्रिटननिष्ठ) अशा दोन्ही बाजूंच्या, मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. तुमच्या हयातीत हे बाहेर जाणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. प्रकल्पाच्या संचालकाशी झालेल्या करारात ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तितपत’ अशी मेख होती. मुलाखत देणाऱ्यांच्या कागदावर ती नव्हतीच. २०११मध्ये, दोन देशांमधल्या कायदेशीर मदतीच्या कराराच्या आधारे, ब्रिटनने टेप मागितल्या. तपास होता जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या आईच्या खुनाचा. १९७२मध्ये आयआरए या रिपब्लिकन सशस्त्र गटाने तिला घरातून पळवून नेलं होतं. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि काही टेप बेलफास्टला गेल्या. याच तपासात २०१४मध्ये राजकीय नेते जेरी ॲडम्स चार दिवस पोलीस कोठडीत होते. पुढे ते आरोपाविना सुटले. २०१९मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने या टेप पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या.

आता, खुनाचा तपास होऊ नये असं कोण म्हणेल? मॅकॉनव्हिलच्या मुलांना न्याय मिळणं हाही मानवी हक्कच. माझ्या मते घोडचूक झाली ती पाळता न येणारा शब्द देण्यात. त्यामुळे पूर्वतयारीत विद्यार्थ्याकडून सर्वांत आधी घोटून घ्यायला हवं ते ‘हे मी गुप्त ठेवू शकणार नाही’ असं साध्या शब्दांत, समोरच्याच्या भाषेत सांगणं. संमतीपत्रावरची सही हेच कधी कधी संकट ठरतं: ज्या कागदाने नीतीसमितीचं समाधान होतं, तोच छाप्यात सापडला तर नाव उघड होतं. अशा परिस्थितीत अमेरिकी नियमही सहीतून सूट देतात. विद्यार्थ्यांना हे क्वचितच कोणी सांगतं.

गुप्ततेच्या शब्दाहून फसवा शब्द म्हणजे ‘विविधता’: कोण कोणत्या गटाचा, हे नुसतं विचारणंही धोक्याचं ठरू शकतं. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी अशी नोंद आणली. १९९४च्या नरसंहारात नाक्यानाक्यावर तीच नोंद पाहून माणसं मारली गेली. त्यानंतर ओळखपत्रांवरून ती काढून टाकण्यात आली, फूट पाडण्याविरुद्ध कायदेही आले. अशा देशात प्रश्नावलीतला ‘आपला वांशिक गट?’ हा रकाना म्हणजे उत्तर देणाऱ्याला उघड्यावर आणणं. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे किती निरागस असतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दुभाषाही त्याच समाजातला असतो. १९९४मध्ये त्याचं घर कोणत्या बाजूला होतं हे गाव जाणून असतं. ठाऊक नसतं ते फक्त पाहुण्याला.

याचा अर्थ विद्यार्थी स्वतः सुरक्षित असतो असं नाही. केंब्रिजचा इटालियन संशोधक जुलिओ रेजेनी कैरोत स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करत होता. फेरीवाल्यांच्या संघटनेच्या ज्या नेत्याशी त्याचा संपर्क होता, त्यानेच त्याचं बोलणं लपून चित्रित केलं आणि पोलिसांना खबर दिली. २५ जानेवारी २०१६ला रेजेनी बेपत्ता झाला. नवव्या दिवशी, छळाच्या खुणा अंगावर असलेला त्याचा मृतदेह मिळाला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. संपर्कातल्या माणसावर कोणाचा दबाव आहे, त्याला काय हवंय, हे तपासण्याचं काम एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येत नाही. त्या देशात काम केलेल्या जाणत्यांनी ते त्याच्यासोबत, निघण्याआधी करायला हवं.

आणि कोणती चिन्हं दिसली की काम थांबवून परत बोलवायचं, हेही आधीच लिहून ठेवावं. तो निर्णय मार्गदर्शकाने घ्यावा. अर्धवट मुलाखती हाताशी असलेल्या विद्यार्थ्याला अजून एक आठवडा थांबायला नेहमीच चांगलं कारण सापडतं.