मापाचे दशक आणि सीसींचे पुनरागमन

लहान चणीच्या स्त्रीसाठी स्तनाचे इम्प्लांट निवडताना आधी छातीची रुंदी मोजायची आणि मग आकारमान ठरवायचे, हा क्रम प्लास्टिक सर्जरीत बराच उशिरा रुजला. त्याला आकड्यांची शिस्त लावणारा निबंध डॅलसचे जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी ‘प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी’ या नियतकालिकाच्या डिसेंबर 2005 च्या अंकात प्रसिद्ध केला. डिसेंबर 2025 मध्ये त्याला वीस वर्षे पूर्ण झाली. त्याच सुमारास हा क्रम पुन्हा उलटा झालेला दिसतो. चौकशीचा पहिला प्रश्न ‘किती सीसी?’ (म्हणजे किती घनसेंटिमीटर) असा असतो, दुसरा ‘पॅकेज किती?’ असा, आणि फीत अंगाला लागण्याआधीच आकडा ठरून जातो. या उलट्या क्रमाची सर्वांत मोठी किंमत किरकोळ बांध्याच्या स्त्रीला मोजावी लागते, म्हणून या विषयाचा मागोवा तिच्या बाजूने घेणे आवश्यक आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1895 साली हायडेलबर्गचे व्हिन्सेंझ चेर्नी यांनी एका रुग्णाच्या शरीरातली चरबीची गाठ काढून स्तनातील पोकळीत बसवली. नंतरच्या काळात पॅराफिन आणि द्रव सिलिकोन टोचण्याचे घातक प्रयोग झाले. 1962 मध्ये ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी टिमी जीन लिंडसी यांच्यावर सिलिकोन जेलच्या इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया केली. पुढची तीस वर्षे कवच जाड करावे की पातळ, जेल घट्ट असावे की सैल, आत खारे पाणी भरावे की नाही, याच वादात गेली. माप नजरेच्या अंदाजाने ठरे. 1992 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) सिलिकोन जेलच्या वापरावर कडक निर्बंध घातले, तेव्हाही चर्चा पदार्थाच्या सुरक्षिततेची होती. अंगाला बसणाऱ्या मापाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

इकडे मुंबईत प्लास्टिक सर्जरी वाढली ती गरजेतून. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे आणि विद्रूप झालेले चेहरे सुधारण्याचे काम उभे केले. भाजलेले, अपघातात जखमी झालेले, दुभंगलेल्या ओठाचे रुग्ण हे सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतील या शाखेचे मुख्य काम होते. त्या परंपरेत रुग्णाचे शरीर तपासून उपाय ठरत असे. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मुख्यतः खासगी दवाखान्यांत वाढली आणि तिच्याबरोबर दरपत्रक आले. सप्टेंबर 2009 पासून सौंदर्यशस्त्रक्रियेवर सेवाकर लागू झाला. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हाही जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांवरची शस्त्रक्रिया करमुक्त राहिली आणि बाकीची करपात्र ठरली. दोन्ही स्तनांच्या वाढीत मुळातच मोठा फरक असलेली मुलगी आणि केवळ आकार वाढवू पाहणारी स्त्री यांच्यात कायद्याने अशी रेघ ओढली. मोजमापाचा नियम मात्र दोघींना एकच लागू होतो.

खरा बदल 2001 ते 2011 या दशकात झाला. 2001 मध्ये टेबेट्स यांनी दुहेरी पातळीची पद्धत मांडली. त्याआधी इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर ठेवायचे की खाली, एवढेच दोन पर्याय प्रामुख्याने वापरात होते. दुहेरी पातळीत इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग स्तनग्रंथीखाली राहतो. बारीक स्त्रीच्या छातीवर वरच्या बाजूला चरबीचा थर पातळ असतो, त्यामुळे तिथे स्नायूचे पांघरूण मिळणे तिच्यासाठी मोलाचे ठरले. कसोटीही साधी होती. स्तनाच्या वरच्या भागातली त्वचा आणि चरबी चिमटीत धरून कॅलिपरने मोजायची. जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवू नये.

2002 मध्ये टेबेट्स यांनीच ऊतींच्या गुणधर्मांवरून इम्प्लांट निवडण्याची रीत मांडली आणि 2005 च्या निबंधाने ती पाच मापांवर आणली. पहिले माप स्तनाच्या पायाची रुंदी. दुसरे, वरच्या भागातली चिमटीची जाडी. तिसरे, स्तनाखालच्या घडीपाशी घेतलेली तशीच जाडी. चौथे, त्वचा पुढे ओढली असता ती किती सेंटिमीटर येते ते. पाचवे, त्वचा पूर्ण ताणून स्तनाग्रापासून घडीपर्यंतचे अंतर. त्यांच्या जोडीला, स्तनाच्या आवरणात मूळ ऊती किती भरलेल्या आहेत याचा अंदाज घ्यायचा. निबंधातील तक्त्यात साडेदहा सेंटिमीटर पायासाठी सुरुवातीचा आकडा 200 सीसी आहे आणि अकरा सेंटिमीटरसाठी 250. त्वचा ओढल्यावर दोन सेंटिमीटरही येत नसेल तर त्यातून 30 सीसी वजा करायचे, तीनपेक्षा जास्त येत असेल तर 30 मिळवायचे. रुग्णाची इच्छा या चौकटीत ऐकून घेतली जाई. चौकटीबाहेरच्या इच्छेचे परिणाम तिला आधी समजावून सांगायचे आणि तिच्या सहीनिशी नोंदवायचे, हाही त्या शिस्तीचाच भाग होता.

याच दशकात प्रोफाइल हा शब्द रुग्णांपर्यंत पोहोचला. नोव्हेंबर 2006 मध्ये एफडीएने दोन कंपन्यांच्या सिलिकोन इम्प्लांटना पुन्हा मान्यता दिली आणि मॉडरेट, मॉडरेट प्लस, हाय अशी नावे जगभरच्या दवाखान्यांत रुळली. प्रोफाइल म्हणजे पायाच्या रुंदीच्या मानाने पुढे येणारा उठाव. त्याचे गणित घुमटाच्या भूमितीतून कळते. अकरा सेंटिमीटर व्यासाच्या घुमटाची उंची तीन सेंटिमीटर असेल तर आत सुमारे 157 घनसेंटिमीटर मावते, चार असेल तर 224 आणि पाच असेल तर 303. प्रत्यक्षातले इम्प्लांट हुबेहूब घुमटासारखे नसते आणि कंपनीगणिक आकडे बदलतात, पण नाते हेच राहते. पाया तोच ठेवून सीसी वाढवायचे तर उठाव वाढवावा लागतो. उठाव तोच ठेवून सीसी वाढवायचे तर पाया रुंद होतो आणि अरुंद छातीवर तो बाहेर पडतो.

लहान चणीच्या स्त्रीला हाय प्रोफाइल हे सोपे उत्तर वाटते, कारण तिच्या अरुंद पायात जास्त सीसी बसतात. त्या दशकातल्या अनुभवाने या उत्तराच्या मर्यादा दाखवल्या. मूल न झालेल्या, घट्ट त्वचेच्या स्त्रीत जास्त उठावाचे इम्प्लांट वरच्या बाजूला ठळक गोलाई आणते आणि वरची ऊती सतत दाबत राहते. तिला बहुधा मधला, म्हणजे मॉडरेट प्लस प्रकारचा उठाव मानवतो. स्तनपानानंतर किंवा वजन उतरल्यावर त्वचा सैल पडली असेल तर जास्त उठाव ती पोकळी भरून काढू शकतो. छातीचा पिंजराच पुढे आलेला असेल तर तो स्वतःच उठाव देतो, त्यामुळे कमी प्रोफाइल पुरते. इम्प्लांटचा व्यास स्तनाच्या पायापेक्षा थोडा कमीच ठेवावा लागतो, कारण दोन्ही कडांना स्त्रीच्या स्वतःच्या ऊतीचीही जाडी असते.

ही मर्यादा ओलांडली की त्रास ठराविक क्रमाने येतात. पातळ त्वचेखाली इम्प्लांटची कड बोटाला लागते आणि वाकल्यावर सुरकुत्या दिसतात. रुंद इम्प्लांट काखेकडे सरकते. इम्प्लांटसाठी केलेला कप्पा मधल्या बाजूला जास्त सोडवला तर दोन्ही स्तन उरोस्थीवर एकमेकांना भिडतात आणि ही विकृती दुरुस्त करणे अवघड असते. जड इम्प्लांट घडीखाली उतरते. 300 सीसीच्या जोडीचे वजन सुमारे 600 ग्रॅम भरते आणि चाळीस-पंचेचाळीस किलोच्या स्त्रीला ते वर्षानुवर्षे वागवायचे असते. पातळ झालेली ऊती इम्प्लांट काढल्यावर पूर्ववत होत नाही. यासाठीच त्या काळचे काटेकोर सर्जन मागितलेल्या आकड्याला नकार देत. तो नकार रुग्णाच्या हिताचा होता आणि आज तो दुर्मीळ झाला, ही खरी हानी आहे.

दशकाचा शेवट दोन धक्क्यांनी झाला. मार्च 2010 मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीची इम्प्लांट बाजारातून काढण्यात आली. वैद्यकीय सिलिकोनऐवजी त्यांत औद्योगिक सिलिकोन भरलेले होते आणि ती जगभर लाखो स्त्रियांच्या शरीरात गेली होती. संस्थापक जाँ-क्लोद मास यांना 2013 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. 2011 मध्ये एफडीएने इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाचा (लसिका ऊतींच्या कर्करोगाचा) इशारा दिला. त्याचा संबंध खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी असल्याचे पुढे स्पष्ट होत गेले. 24 जुलै 2019 रोजी अ‍ॅलर्गनने बायोसेल या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत बोलावली.

त्या निर्णयाने जीव वाचतील, म्हणून तो योग्यच होता. त्याबरोबर ‘410’ ही थेंबाच्या आकाराची मालिकाही गेली. तीन उंची आणि चार उठाव यांची बारा घरांची जाळी हे तिचे वैशिष्ट्य होते. गोल इम्प्लांट जितके रुंद तितकेच उंच असते. गळ्याच्या हाडापासून घडीपर्यंतचे अंतर कमी असलेल्या छातीवर त्याची वरची कड फार वर चढू शकते. 410 मध्ये रुंदी, उंची आणि उठाव स्वतंत्रपणे निवडता येत. ती वापरणाऱ्या सर्जनला फीत हातात घ्यावीच लागे. गुळगुळीत गोल इम्प्लांटकडे बहुतेक जण वळले, तसे निवडीचे बोलणे पुन्हा सीसींच्या एकाच आकड्यावर आले.

आजची साधने वाईट नाहीत. ब्राच्या आत ठेवून पाहायचे नमुने किंवा मोज्यात भरलेले तांदूळ स्त्रीला आपली आवड सांगायला मदत करतात. त्रिमितीय छायाचित्रण संभाव्य आकार दाखवते. परंतु पडद्यावरच्या चित्राला त्वचेचा ताण कळत नाही आणि दुसऱ्या स्त्रीच्या छातीवर शोभलेले 325 सीसी अकरा सेंटिमीटरच्या पायावर बसत नाहीत. ब्राच्या कपाचे अक्षरही भरवशाचे नाही, कारण पट्ट्याचा घेर बदलला की त्याच अक्षराचे आकारमान बदलते. पाच मापे घ्यायला पाच मिनिटे पुरतात, असे 2005 च्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. एवढा वेळही न देता ठरवलेला आकडा स्वीकारू नये.

पालघर जिल्ह्यातील मासवण, मनोर किंवा बोईसरच्या स्त्रीसाठी या मोजमापाला आणखी दोन बाजू आहेत. पहिली श्रमाची. स्नायूखाली ठेवलेले इम्प्लांट छातीचा स्नायू आवळला की हलते आणि स्तनाचा आकार क्षणभर बिघडतो. भाताची लावणी, पाण्याची भांडी उचलणे किंवा तारापूरच्या कारखान्यातले हातांचे काम करणाऱ्या स्त्रीने हा परिणाम आधी समजून घेतला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलता येत नाही, म्हणून ती आषाढात करून घेणे शेतकरी घराला परवडणारे नाही. दुसरी बाजू देखरेखीची. सिलिकोनचे इम्प्लांट आत फुटले तरी बाहेरून कळेलच असे नाही. त्यासाठी एफडीएने पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवली आहे. त्यासाठी डहाणू-चर्चगेट मार्गाने मुंबईला कराव्या लागणाऱ्या फेऱ्यांचा, रजेचा आणि तपासण्यांचा खर्च पॅकेजच्या आकड्यात धरलेला आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

म्हणून सल्लामसलतीचा क्रम असा असावा. आधी पायाची रुंदी, मग चिमटीची जाडी आणि त्यावरून कप्पा. नंतर त्वचेचा ताण, घडीपर्यंतचे अंतर आणि त्यांवरून आकारमान. पाया आणि आकारमान ठरले की प्रोफाइल बहुतांशी आपोआप ठरते, आणि उरलेल्या एक-दोन पर्यायांत स्त्रीची आवड निर्णायक असावी. दोन पर्यायांत मन अडले तर लहान बांध्यावर धाकटे माप निवडावे. गर्भारपण, वजनातला चढउतार आणि वय यांनी ऊती बदलत राहतात, इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही आणि पुढच्या शस्त्रक्रियेला शाबूत ऊती लागते. ऑक्टोबर 2021 मध्ये एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आणि रुग्णाने मुद्देनिहाय वाचून सही करायची यादी सक्तीची केली. इथल्या स्त्रीनेही अशी यादी मागावी. कंपनी, अनुक्रमांक, व्यास, उठाव आणि सीसी लिहिलेले कार्ड आपल्या मापांच्या नोंदीसह जपून ठेवावे, म्हणजे पुढचा सर्जन अंदाजाने सुरुवात करणार नाही.