बोंडअळीच्या लेखावर तज्ज्ञाची पेन्सिल

‘बीटी कपाशीवर बोंडअळी येत नाही.’ मराठी विकिपीडियावरच्या माझ्या धूळपाटीत, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, हे वाक्य मी लिहिलं होतं. त्याला संदर्भही होता. छापील पुस्तक, जाणकार लेखक, पान क्रमांकासकट. विकिपीडियाच्या नियमांत त्या वाक्याला कुठेच अडकवता आलं नसतं. पण बोरी अरबच्या कुठल्याही धुऱ्यावर उभं राहून ते मोठ्याने वाचलं असतं, तर पऱ्हाटीत काम करणाऱ्या माणसांनी माझ्याकडे नुसतं बघितलं असतं.

बोरी अरब हे आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर. इथे कापसाबद्दल चुकीचं लिहिणं म्हणजे घरातल्या माणसाचं नाव चुकवण्यासारखं. म्हणून ‘गुलाबी बोंडअळी’ या विषयावरचा मसुदा मी कृषी कीटकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे नेला. सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात दोनच प्रश्न लिहिले : ‘कोणती? कधी?’

बोंडअळ्या तीन. हिरवी, जिला अमेरिकन बोंडअळीही म्हणतात, ठिपक्यांची आणि गुलाबी. बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली २००२ मध्ये. अळीला मारक ठरणाऱ्या दोन जनुकांचं वाण आलं २००६ मध्ये, आणि माझं पुस्तक त्याच सुमाराचं. तेव्हा त्या वाक्यात बरंच तथ्य होतं. पुढे गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या जनुकाला आणि नंतर दोन्हींना दाद देणं सोडलं. गुजरातेत हे आधी दिसलं; २०१७ च्या हंगामात विदर्भाने ते भोगलं. पुस्तक खोटं नव्हतं, ते जुनं झालं होतं. वाक्याला संदर्भ आहे की नाही, हे कोणीही तपासू शकतो. संदर्भाचं वय झालंय, हे त्या विषयात रोज वावरणाऱ्यालाच चटकन दिसतं. तज्ज्ञ हवा तो यासाठी.

तज्ज्ञाला कोशाच्या दारात कुठे उभं करायचं, हा प्रश्न मराठीला नवा नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्या कामाची उभारणी नागपुरातून सुरू झाली. वाईच्या मराठी विश्वकोशाने, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली, विषयवार अभ्यागत संपादक नेमले. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. आता विश्वकोशाच्या विषयवार ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी वाचल्या, तर शेवटी ‘समीक्षक’ म्हणून एक नाव दिसतं. मला ती ओळ फार आवडते. कोणीतरी हे वाचून, पारखून पुढे सोडलंय, याची ती सही आहे.

विकिपीडियाचा उगम मात्र अशा सहीच्या अतिरेकातून झाला. २००० मध्ये सुरू झालेल्या न्यूपीडिया या इंग्रजी प्रकल्पात लेख सात पायऱ्यांच्या तज्ज्ञ परीक्षणातून जायचा. प्रकल्प बंद पडेपर्यंत पार पडलेले लेख जेमतेम दोन डझन. त्याला जोड म्हणून जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया उघडला : आधी लिहा, तपासणी चालू राहील. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा. इथे परीक्षक दाराशी बसलेला नाही. पण त्याला आत बोलावायला बंदीही नाही. बोलवायचं कसं, ते आपल्याला ठरवावं लागतं.

मी जे शिकलो ते असं. लेख विकिपीडियावर रोज बदलू शकतो, म्हणून आधी एक आवृत्ती पक्की करायची. ‘इतिहास’ या कळीवर प्रत्येक बदल तारीख-वेळेसह नोंदलेला असतो आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा कायमचा दुवा असतो. तो दुवा टिपून घ्यायचा. तज्ज्ञाने वाचलं ते नेमकं हेच, असं नंतर कोणालाही दाखवता येतं. मग त्या आवृत्तीची छापील प्रत काढायची, रुंद समास सोडून, वाक्यांना क्रमांक देऊन. पडद्यावर वाचा म्हटलं की वाचणं मागे पडतं. कागद समोर आला की जाणकाराचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. आणि वेळ पाहायची. जुलै ते नोव्हेंबर कीटकशास्त्रज्ञाला लेख वाचायला सांगणं म्हणजे लग्नघरातल्या आचाऱ्याकडे पाककृती विचारणं. उन्हाळ्यात, पेरणीच्या बऱ्याच आधी, ही माणसं निवांत भेटतात.

‘सर, लेख कसा वाटला?’ असं विचारू नये. ‘छान आहे’ असं उत्तर येतं आणि काम तिथेच संपतं. मी आता तीनच गोष्टी विचारतो. कोणतं वाक्य चूक आहे? कोणतं जुनं झालंय? आणि काय राहिलंय, ज्याच्यावाचून वाचणाऱ्याचं नुकसान होईल?

तिसऱ्या प्रश्नाने माझ्या मसुद्यातली सर्वांत मोठी चूक बाहेर काढली. फवारणी कधी करायची, यावर मी लिहिलं होतं : ‘कामगंध सापळ्यात ८ पतंग आढळल्यास.’ सरांनी ‘८ पतंग’च्या पुढे बाण काढला आणि लिहिलं : ‘दर रात्री, सलग ३ रात्री.’ शिफारस तशीच आहे. सोबत एकरातली २० हिरवी बोंडं फोडून पाहायची. दोनात अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली असं धरायचं. माझ्या अर्धवट वाक्यावर विसंबून कोणी एका रात्रीचे ८ पतंग मोजून पंप पाठीवर घेतला असता. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात होते. त्या जिल्ह्यात बसून लिहिणाऱ्याला गाळलेले चार शब्द हा बारीक दोष म्हणता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला मला संकोच नाही.

तज्ज्ञाचं म्हणणं ऐकलं म्हणजे ते लेखात घालता येतं का? नाही. नव्या लोकांना हे सर्वांत जड जातं. विकिपीडियावर तज्ज्ञाचा शब्द हा संदर्भ नसतो. छापलेलं, पडताळता येण्याजोगं लिखाण हा संदर्भ असतो. त्यामागे कारण आहे. समोरचा खरंच प्राध्यापक आहे, हे तिथे कोणी तपासू शकत नाही. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणून वावरणारा एक वजनदार संपादक प्रत्यक्षात २४ वर्षांचा असून प्राध्यापक नसल्याचं उघड झालं होतं. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर मी एकच विचारतो, ‘सर, हे कुठे छापलंय?’ सरांनी राग मानला नाही. उठून कपाटातून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सूचना आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कृषी संवादिनी काढून दिली. चांगला तज्ज्ञ आपलं मत देण्याआधी कागद कुठे आहे ते दाखवतो.

मग सगळं लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर ठेवायचं. कोणत्या आवृत्तीचं परीक्षण झालं, कोणत्या वाक्यांवर काय शेरा आला, त्यातलं काय घेतलं आणि काय का घेतलं नाही. नाव टाकायचं तर आधी विचारायचं. तज्ज्ञाने एखादा परिच्छेद स्वतः लिहून दिला, तर तो मुक्त परवान्याखाली जातो, कोणीही वापरेल, बदलेल, हे त्यांना आधीच सांगायचं. शक्य असेल तर त्यांनीच खातं उघडून तो टाकावा. बियाणं किंवा औषध विकण्याशी ज्यांचा पैशाचा संबंध आहे, त्यांनी तो उघड सांगितल्याशिवाय मी त्यांचा शेरा घेत नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करणं, ही तर विकिपीडियाच्या वापराची अटच आहे.

ही वाट किती लांब जाऊ शकते, त्याचा नमुना डेंग्यूचा. इंग्रजी विकिपीडियावरचा डेंग्यूचा लेख डॉक्टर-संपादकांनी घासून-पुसून ‘ओपन मेडिसिन’ या नियतकालिकाकडे पाठवला. तिथल्या परीक्षकांनी तो तपासला आणि २०१४ मध्ये तो छापून आला. त्यातल्या सुधारणा परत विकिपीडियावर आल्या.

एका गोष्टीत मात्र सरांनी स्वतःच हात टेकले. अळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या आतून जाळ्याने चिकटतात आणि ते मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. मी लिहिलं होतं, ‘गुच्छाकार विकृत पुष्प’. सर म्हणाले, ‘शास्त्र बरोबर आहे. शब्द गावात विचारा.’ शेजारच्या शेतातल्या काकांना मी तसलं फूल दाखवलं. त्यांनी ते बोटांनी उकललं, आतली बारीक अळी नखावर घेतली आणि म्हणाले, ‘डोमकयी म्हणतात हिले, भाऊ. एवढंबी माईत नाई?’

तो शब्द बोलीतला आहे, संदर्भ कुठून आणायचा, अशी मला धास्ती होती. घरी येऊन सरांनी दिलेले कागद पुन्हा चाळले. बोंडअळीवरच्या सूचनेत ठळक छापलेलं होतं : अशा डोमकळ्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात. लेखात आता ‘डोमकळी’ आहे, शेजारी संदर्भाचा आकडा आहे, आणि चर्चा पानावर सरांच्या शेऱ्यांखाली काकांनी अळी नखावर घेतली त्या दिवसाची तारीख.