हळदीचें बेणें उन्हाळ्यांत कसें राखावें

थंड देशांतील बागवान हिमाच्या भीतीनें कर्दळीचे व डेलियाचे कंद काढून हिवाळाभर घरांत निजवून ठेवितात. हळदीच्या बेण्यास आमच्याकडे तीच निद्रा उन्हाळ्यांत द्यावी लागते. येथें वैरी हिम नव्हे, ऊन व ओल होय. एकरीं सुमारें १० क्विंटल बेणें लागतें, म्हणून त्याची नासाडी परवडणारी नव्हे.

काढणीनंतर टपोरे, निरोगी जेठे गड्डे निवडावे. झाडाच्या दाट सावलींत अगर हवेशीर छपरांत त्यांचा निमुळता ढीग घालून वर हळदीचा वाळलेला पाला पसरावा. गड्डे सुकतील म्हणून कित्येक शेतकरी ढिगावर पाणी शिंपडतात. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ओलीनें डोळे अवेळीं फुटतात व ढिगाच्या पोटांत कूज शिरते. दोन-अडीच महिन्यांच्या विसाव्यानंतर डोळे फुगलेले गड्डेच लागणीस घ्यावे.