केरसुणीचं माहेर

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. पण ती ज्या झाडाची, त्या शिंदीचं नाव काढलं की नाकं मुरडतात. दारूनं बदनाम केलेलं झाड ना!

खरं म्हणजे घराणं मोठं आहे तिचं. अरबस्तानातला खजूर आणि आपली शिंदी ही एकाच प्रजातीतली भावंडं. केरसुणीशेजारी नारळाच्या हिरांचा खराटा उभा असतो, झावळ्याही सारख्याच पिसासारख्या, म्हणून नारळ तिला जवळचा वाटतो. तसं नाही बरं का! नारळ आणि सुपारी वेगळ्या शाखेतली. शिंदीची जवळीक पंख्यासारख्या पानांच्या ताडाशी, म्हणजे उन्हाळ्यात ताडगोळे देतो त्याच्याशी. खूण साधी आहे. शिंदीचं पातं पन्हळीसारखं वर दुमडलेलं असतं, नारळाचं छपरासारखं खाली. शास्त्रज्ञांनी डीएनए तपासले, तेव्हाही हेच नातं निघालं.

आणखी लांबची भावकी पाहा: ऊस, ज्वारी, केळ आणि आपली सांगलीची हळदसुद्धा! सगळी एकदल. म्हणजे पूजेत केरसुणीला लागते ती हळद नात्यातलीच.

आंबा-बाभळीसारखी शिंदीच्या खोडाला वर्षावर्षाला जाडी चढत नाही. फांद्या नाहीत, शेंड्यात एकच कोंब. तो तुटला की झाड गेलंच. म्हणून जाणता माणूस बाहेरच्या झावळ्या काढतो, मधल्या कोंबाला हात लावत नाही. पण ओढ्याकाठची रांगच्या रांग बुंध्यातून तोडून ऊस पुढे सरकवला, तर काय उरणार? काठची माती धरून ठेवणारी मुळं गेली, सुगरण पक्ष्याची लोंबती घरटी गेली, कोल्ह्या-बुलबुलांची फळं गेली. ही फळं खाऊन तेच तर बी लांबवर नेतात! आणि केरसुण्या वळणाऱ्या मातंग समाजातल्या बायांना पाल्यासाठी वणवण करावी लागते. बाजारात आपण मात्र त्यांच्याशीच पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि प्लॅस्टिकचा झाडू सांगेल त्या किमतीला घेतो.

तुमच्या शेताला ओढा असेल तर घरच्यांना सांगून पिकलेल्या फळांच्या बिया काठावर टोचा. एकच नको. शिंदीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. फुलोरा येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि जवळपास नर नसेल तर मादीला बी धरत नाही. चार-सहा तरी लावा.