एका गाईला किती एकर लागतात?

पेण-रोह्यात एकात्मिक शेतीचा, म्हणजे पीक आणि जनावरं एकमेकांना जोडण्याचा, विषय काढला की उत्तर ठरलेलं: ‘ते मोठ्या जमीनवाल्यांचं काम. आमच्या एकरभर खाचरात गुरांना घालायचं काय?’ हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा हिशेबच मांडू.

एकरी १५ क्विंटल भात पिकलं, तर साधारण तेवढाच पेंढा निघतो. गावठी गाईला दिवसाला ५ किलो पेंढा धरा. पावसाळ्यात बांधावर, माळावर हिरवं गवत असतं. उरलेल्या आठ महिन्यांना १२ क्विंटल लागतो. म्हणजे एका एकरात एक गाय बसते. रोह्यात डोलवहाल बंधाऱ्याच्या कालव्याचं पाणी मिळतं तिथे उन्हाळी भाताचा पेंढा वेगळाच. पेंढ्यात प्रथिनं कमी, हे खरं. म्हणून तर भातामागे जमिनीच्या ओलीवर वाल घ्यायचा. शेंगा घरात, पाला-भुसा गोठ्यात.

आपण करतो काय? पेंढा विकतो, शेण भाताच्या रोपांसाठी भाजायच्या राबात जाळतो. त्यातलं नत्र धुरात जातं. उरलेलं शेण उघड्या उकिरड्यावर, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! खताचा कस ओहोळातून खाडीला जातो. उकिरड्यावर छप्पर घाला, एवढं तरी करा.

उलटा गैरसमजही तितकाच घातक: ‘गाय आली की युरिया बंद.’ एका गाईचं वर्षाचं कुजलेलं खत दोनेक टन. त्यात नत्र अर्धा टक्का, म्हणजे १० किलो. कोकणात भाताला शिफारस हेक्टरी १०० किलोची, एकरी ४०. चौथा हिस्सा भागला, तोही सगळा पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही.

शेळी-कोंबडीचंही तसंच. ‘शेळी शिवार उजाड करते’ – मोकाट सोडली तर. कोंबडीची ताजी विष्ठा थेट रोपांना घालू नका, मुळं जळतात. ‘हे बाहेरून आलेलं खूळ’ म्हणणाऱ्यांनी पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात भाताशेजारच्या तळ्यांतला जिताडा मासा आठवावा. शंका असेल त्यांनी किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं.

खरी अडचण जमिनीची नाहीच. भात कापलं की गावाची गुरं मोकळी सुटतात आणि एकट्यादुकट्याचा वाल खाऊन जातात. वाल निघेपर्यंत गुरं बांधून ठेवायची, हे ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून ठरवावं लागेल, आणि तेही पेरणीच्या आधी.