शाळेची सुरक्षा उंबरठ्यापासून मोजावी लागते

शाळेच्या सुरक्षेची पाहणी करायची म्हणजे मुलाला कुठे, कोणत्या वेळी आणि कशामुळे इजा होऊ शकते हे आधी शोधायचे आणि त्यातले काय टाळता येईल ते ठरवायचे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे काम एकाच छापील तक्त्यावर भागत नाही. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाकडचा डोंगराळ आदिवासी पट्टा आहे. तिथे भीती पावसाची आणि दरडीची. पूर्वेला ओतूर, नारायणगाव, मंचर, पारगावचा बागायती भाग. तिथे ऊस आणि उसात बिबट्या. मधून पुणे-नाशिक महामार्ग जातो. जिल्हा परिषद एकच असली, तरी दोन केंद्रांतल्या शाळांचे धोके सारखे नसतात.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. शाळेची इमारत मात्र उभी राहिली. शाळा अजून भरायची होती आणि मुले घरी होती. त्या दिवशी केवळ इमारतीची तपासणी केली असती, तर शाळा सुरक्षित म्हणून शेरा पडला असता. शाळेच्या भिंती धड आहेत एवढ्यावरून शाळेतली मुले सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही, हे माळीणने फार मोठी किंमत घेऊन दाखवले. म्हणून डोंगरउतारावरच्या वाडीत पाहणी इमारतीच्या वरच्या बाजूने सुरू व्हायला हवी. उतारावर नव्या भेगा पडल्यात का, झाडे किंवा विजेचे खांब कलले आहेत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले का, पूर्वी नव्हता तिथे पाझर फुटला का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि मोठ्या पावसानंतर प्रत्येक वेळी शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी मिळून तेवढी फेरी मारली पाहिजे. भेग दिसली की मग भूवैज्ञानिकाला बोलवायचे.

इमारतीच्या पाहणीला कायद्याचा आधार भक्कम आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी शाळेला लागलेल्या आगीत 94 मुले दगावली. आग स्वयंपाकघरातून छपराला लागली होती. त्या प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि कुंपण किंवा संरक्षक भिंत बंधनकारक केली. तरीही 25 जुलै 2025 ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात शाळेचे छप्पर कोसळून सात मुले मेली. जुन्या वर्गखोल्यांच्या बाबतीत घोडे अडते ते निर्लेखनापाशी. खोली धोकादायक ठरली तरी ती कागदोपत्री रद्द होऊन पाडली जाईपर्यंत बराच काळ जातो, आणि तोवर मधल्या सुट्टीत मुले तिच्याच सावलीला खेळतात. अशा खोलीला कुलूप लावून भागत नाही, भोवती कुंपण घालावे लागते. पोषण आहाराच्या शेडमध्ये सिलिंडर चुलीपासून किती लांब आहे, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि ते चालवायला स्वयंपाक करणाऱ्या ताईंना कुणी शिकवले आहे का, हेही पाहायला हवे. तिसरा प्रश्न बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि आग लागते तेव्हा शेडमध्ये त्या ताईच असतात.

पूर्व भागात मात्र खरा धोका फाटकाबाहेर आहे. वस्तीवरून शाळेला येणारी वाट दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच उसातून जाते. डिसेंबरात संध्याकाळी लवकरच त्या वाटेवर अंधारून येते. पाचट वाजले तर ते वाऱ्याने की आणखी कशाने, हे पाचवीतल्या मुलीला कळत नाही, मोठ्या माणसालाही नाही. बिबट्या उसात नुसता येऊन जात नाही. तो तिथेच राहतो आणि बिबट्याची मादी तिथेच पिल्लांना जन्म देते. घाबरलेल्या गावाची पहिली मागणी असते ती पिंजरा लावून जनावर लांब सोडण्याची. जुन्नर परिसरात तसे करून झाले आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली आहे: 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले माणसांवर होत, मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी 17 वर गेली, आणि जिथे बिबटे सोडले त्या भागांतही हल्ले झाले. उपाय करण्यापूर्वी धोका नीट समजून घेतला नाही, तर उपायच धोका वाढवतो, याचे याहून जवळचे उदाहरण या भागाला शोधावे लागणार नाही.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्ध स्त्री मरण पावली. त्यानंतर बिबटप्रवण भागातील शाळांची वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी चार अशी करण्यात आली. हा निर्णय साधा वाटतो, पण तो योग्य जागी बोट ठेवतो: मूल उजेडात घरी पोहोचले पाहिजे. माध्यमिक शाळेच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. पण परतीची गाडी दिवेलागणीनंतर फाट्यावर येत असेल आणि तिथून वस्ती दीड किलोमीटर असेल, तर सुरक्षेचा प्रश्न एसटीच्या वेळापत्रकात आहे. तो आगारप्रमुखांकडेच न्यावा लागेल. मुलांनी घोळक्याने, मोठ्याने बोलत जावे, वाटेत खाली वाकू किंवा बसू नये, ही शिकवण गरजेची आहे, पण वाटेच्या दोन्ही अंगांचे काही फूट रान मोकळे ठेवणे हे शेतकऱ्याचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे. त्याचा भार मुलांवर टाकता येत नाही.

आश्रमशाळांचा हिशेब निराळा. मुले तिथेच झोपतात, त्यामुळे पाहणी रात्री करावी लागते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचे अनेकदा कळतही नाही. पहाटे मुलाच्या पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि खाण्यातून काही झाले असेल असे समजून वेळ जातो. खाटा, मच्छरदाणी, शौचालयापर्यंत दिवा, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या दवाखान्यापर्यंत रात्री नेणारे वाहन, ही इथली सुरक्षा आहे.

माणसांकडून होणाऱ्या त्रासाची पाहणी सर्वांत अवघड. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर राज्याने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि शाळेतील मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीवर भर दिला. मात्र कॅमेरा घडलेले दाखवतो, आणि तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याविरुद्ध मूल चिठ्ठी टाकत नाही. पाहणीत विचारायचे ते असे: पेटी शेवटची कधी उघडली, कोणासमोर उघडली, समितीतल्या बाईंना मुली नावाने ओळखतात का, 1098 हा बालमदत क्रमांक मुलांना पाठ आहे का. अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणे हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. गावात वाच्यता नको म्हणून प्रकरण आपसांत मिटवणाऱ्या मुख्याध्यापकाला हे ठाऊक असले पाहिजे.

हे सर्व कोणी करायचे? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. केंद्रप्रमुख, वनरक्षक आणि आरोग्यसेविका यांच्यासह त्यांनी सर्वांत लांबच्या वस्तीवरून मुलांबरोबर एकदा शाळेपर्यंत चालत यावे आणि वाटेतला ओढा, विहीर, रोहित्र, महामार्ग ओलांडण्याची जागा, दाट ऊस हे सारे नकाशावर मांडावे. काय आपल्याला जमेल, काय पंचायत समितीकडे जाईल आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे नकाशाखालीच लिहावे.

जुलैतला नकाशा जानेवारीत चालत नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊस तुटू लागतो, बिबट्याचा आडोसा जातो आणि तो दुसऱ्या शेतात सरकतो. त्याच वेळी तोडणी मजुरांच्या कोप्या शिवारात उभ्या राहतात. पहाटे आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला घेऊन कोपीत थांबणारे मूल बहुधा कोणत्याच शाळेच्या पटावर नसते. त्या दिवसांत गावातल्या सर्व मुलांत जास्त धोका त्यालाच असतो. नकाशा पुन्हा काढताना पहिली खूण त्या कोप्यांवर करायला हवी, आणि त्या मुलांची नावे हंगामापुरती का होईना शाळेत दाखल करून घ्यायला हवीत.